सर्व्हर डाऊन म्हणजे नेमकं काय डाऊन?

रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही: सर्व्हर डाऊन. सातबारा निघत नाही: सर्व्हर डाऊन. बँकेत पासबुक भरून मिळत नाही, दहावीच्या निकालाच्या दुपारी पान नुसतं गरगर फिरत राहतं, वीजबिलाचे पैसे कापले जातात पण पावती येत नाही. सगळ्याला उत्तर एकच. पूर्वी खिडकीवर ‘साहेब जेवायला गेलेत’ ऐकू यायचं, त्याची जागा आता या दोन शब्दांनी घेतली आहे. कोणी हुज्जत घालत नाही. सर्व्हर कुठे असतो, तो पडतो म्हणजे काय, आणि पडला हे खिडकीतल्या माणसाला कुठून कळलं, असं विचारायची आपल्याला सवय नाही.

पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो. तुमचं बोट आणि पडद्यावरचं पान यांच्यामध्ये बऱ्याच जागा आहेत, आणि त्यातली कुठलीही अडू शकते. प्रत्येक जागेला नाव आहे: डोमेन, डीएनएस, आयपी, एचटीटीपीएस, कॅशे. ही नावं कानावरून जातात, पण ती ओळीने कुठे बसतात हे माहीत नसल्यामुळे सगळी सारखीच अवघड वाटतात. ती जागच्या जागी बसवायला पदवी लागत नाही. एक लिंक पुरते.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरच्या ‘महाराष्ट्र’ या लेखाचीच लिंक घेऊ. ब्राउझरमध्ये ती रोमन अक्षरांत असते. इथे उच्चाराप्रमाणे लिहितो:

एचटीटीपीएस://एमआर.विकिपीडिया.ओआरजी/विकी/महाराष्ट्र

अशा पत्त्याला यूआरएल म्हणतात. त्याचे तीन भाग आहेत. दोन तिरप्या रेघांच्या अलीकडचा भाग सांगतो, बोलायचं कसं. तिथून पुढच्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंतचा भाग सांगतो, कोणाशी बोलायचं. उरलेला भाग सांगतो, मागायचं काय.

इंटरनेट वेगळं, वेब वेगळं

इंटरनेट म्हणजे संगणकांना जोडणारं जाळं: तारा, टॉवर, राउटर आणि माहितीची देवाणघेवाण करायचे नियम. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या अर्पानेटपासून ते सुरू झालं. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश निघाला. ‘लॉगिन’ पाठवायचं होतं. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. म्हणजे अडण्याची परंपराही पहिल्या दिवसापासूनची आहे.

वेब त्यानंतर वीस वर्षांनी आलं. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत हजारो शास्त्रज्ञ यायचे-जायचे, प्रत्येकाचा संगणक वेगळ्या बनावटीचा, कागदपत्रं दहा ठिकाणी विखुरलेली. ती एकमेकांना जोडावीत म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये एक प्रस्ताव दिला. १९९० संपता संपता पहिला ब्राउझर आणि पहिला वेब सर्व्हर त्यांच्या टेबलावर चालू होता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्या जगाला फुकट खुलं केलं. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत.

तेव्हा इंटरनेट हे जाळं, आणि वेब हा त्या जाळ्याचा एक उपयोग. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप आणि ई-मेल हे त्याच जाळ्याचे दुसरे उपयोग. हा फरक रोज कामाला येतो. साइट उघडत नाही पण व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातायत, तर तुमचं नेट शाबूत आहे. घोळ पुढे कुठेतरी आहे.

नाव उजवीकडून वाचावं

मधला भाग, एमआर.विकिपीडिया.ओआरजी, हे डोमेन नेम. लिहायचं डावीकडून, पण त्याचा अर्थ लावायचा उजवीकडून. ओआरजी हा सर्वांत मोठा गट. त्या गटात विकिपीडिया हे नाव एका संस्थेनं नोंदवून घेतलेलं आहे. आणि एमआर ही त्या संस्थेनं आपल्या हद्दीत मराठीसाठी केलेली शाखा. त्याला सबडोमेन म्हणतात. शाखा काढायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्याचं डोमेन, तो डावीकडे वाट्टेल ते नाव जोडू शकतो.

फसवणारे याचाच फायदा घेतात. तुमच्या बँकेचं नाव डाव्या टोकाला ठळक दिसतं, पण पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधीचे शब्द भलतेच असतात. ते शब्द ज्यानं नोंदवले, पत्त्याचा मालक तो. बँकेचं नाव त्यानं शाखेला दिलेलं असतं, एवढंच. यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ‘.बँक.इन’ या शेवटाच्या पत्त्यांवर जायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. या शेवटाची नावं फक्त बँकांना मिळतात. पण हा शेवट पाहायचा तो एकेरी रेघेच्या अगदी अलीकडे. लिंकमध्ये दुसरीकडे कुठेही तो दिसला तर त्याला काडीचीही किंमत नाही.

संगणकांना मात्र नावं कळत नाहीत. त्यांना लागतो आकडा, म्हणजे आयपी पत्ता. जुन्या पद्धतीचा, आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा; त्यातून जेमतेम ४२९ कोटी पत्ते होतात. जगाची लोकसंख्याच त्याहून कितीतरी जास्त, शिवाय एकेका घरात चार-चार फोन. वाटायला ठेवलेला जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्याची युक्ती निघाली, आणि १२८ बिटांचा आयपीव्ही६ वाढत गेला. त्याच्या वापरात भारत आज जगातल्या आघाडीच्या देशांत आहे.

नावावरून आकडा काढून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. सुरुवातीला सगळ्या संगणकांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असत. ती स्टॅनफर्डच्या संस्थेत सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले, फाइल हाताबाहेर गेली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना केली. परक्या गावात घर शोधावं तसं तिचं काम चालतं. एसटी स्टँडवरचा माणूस घर दाखवत नाही, आळी सांगतो. आळीतला दुकानदार घर सांगतो. तुमच्या इंटरनेट कंपनीचा डीएनएस सर्व्हर आधी मूळ सर्व्हरला विचारतो, ‘ओआरजीचं कोण बघतं?’ मग ओआरजीवाल्यांना विचारतो, ‘विकिपीडियाचं कोण बघतं?’ आणि शेवटी विकिपीडियाच्या डीएनएसकडून आकडा मिळवतो. मिळालेलं उत्तर काही काळ जपून ठेवलं जातं, त्यामुळे दर वेळी ही सगळी पायपीट होत नाही. झाली तरी ती बहुधा डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकते.

ही व्यवस्था हलली की काय होतं, ते ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपण पाहिलं. भारतीय वेळेनुसार नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर बंद पडले, ते सुमारे सहा तास. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आदेशानं त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळं तुटलं, आणि कंपनीच्या नावांचे आकडे सांगणारे डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले. हजारो यंत्रं वीज खात उभीच होती. त्यांच्यापर्यंत जायची वाट कोणाला सापडत नव्हती. आपण मात्र त्या रात्री म्हटलं ते हेच, की सर्व्हर डाऊन आहे.

पॅकेट, केबल आणि जवळचा साठा

आकडा मिळाला की मागणी निघते. ती अखंड जात नाही. तिचे छोटे तुकडे होतात. हे पॅकेट. एक पॅकेट साधारण १५०० बाइटचं, त्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता. वाटेतला प्रत्येक राउटर पत्ता वाचतो आणि पुढच्या राउटरकडे ढकलतो. एखादं पॅकेट हरवलं तर तेवढंच पुन्हा मागवायचं, आणि मागेपुढे पोचलेली ओळीत लावायची, हे काम टीसीपी या नियमावलीचं. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटवरच्या सगळ्या संगणकांनी टीसीपी आणि आयपी हे नियम स्वीकारले. आजही तेच चालू आहेत.

देशाबाहेरचा बहुतेक प्रवास समुद्राच्या तळावरच्या केबलींतून होतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबली जमिनीवर येतात. उपग्रहाचं नाव आपण उगीच घेतो. उपग्रहांमार्फत होणारी वाहतूक या केबलींच्या मानानं फारच थोडी आहे.

आता थोडा हिशेब. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. विकिपीडियाची मुख्य डेटा सेंटरं अमेरिकेत आहेत, व्हर्जिनिया आणि टेक्सास या राज्यांत. मुंबईहून व्हर्जिनिया सुमारे १३ हजार किलोमीटर. सरळ रेषेत केबल असती तरी जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद गेलेच. कितीही पैसे ओतले तरी प्रकाशाचा वेग काही वाढत नाही. एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात, आणि खोळंबा जाणवायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे पानांच्या तयार प्रती वाचकाच्या जवळ नेऊन ठेवणं. विकिपीडियानं २०१८ मध्ये सिंगापुरात असा साठा उभारला. मुंबईहून सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन निदान ३९ मिलिसेकंद. ‘महाराष्ट्र’ हा लेख भारतातून वाचताना तो बहुधा अशाच जवळच्या साठ्यातून येतो. अशा साठ्यांच्या जाळ्याला सीडीएन म्हणतात. क्रिकेटचा सामना एकाच वेळी कोट्यवधी लोकांना दिसतो, तो यांच्याच जोरावर.

त्या ‘एस’मध्ये काय आहे

आता पहिला भाग. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांनी बोलायची रीत: एकानं मागायचं, दुसऱ्यानं द्यायचं. शेवटचा ‘एस’ सांगतो की हे बोलणं बंदिस्त आहे. तो नसेल तर वाटेतला कोणीही, म्हणजे हॉटेलचं वायफाय चालवणारासुद्धा, तुमची पॅकेटं उघडून वाचू शकतो. विकिपीडियानं २०१५ मध्ये सगळी पानं एचटीटीपीएसवर नेली. तुम्ही कोणत्या आजाराबद्दल वाचताय हे वाटेतल्या कोणाला कळायचं कारण नाही.

पण पेच असा आहे: ब्राउझर आणि सर्व्हर यापूर्वी कधी भेटलेले नाहीत. गुप्त बोलायला सामायिक किल्ली हवी, आणि ती ठरवायची तीही त्याच उघड्या तारेवर, जिथे सगळे ऐकतायत. हे अशक्य वाटतं. १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ते कसं जमतं हे दाखवलं, आणि ते कागदावर करून पाहता येतं.

दोघांनी उघडपणे दोन आकडे ठरवले: २ आणि १३. तुम्ही मनात ४ धरला. २ चा चौथा घात १६. त्याला १३ ने भागून बाकी ३. हा ३ तुम्ही मोठ्यानं सांगता. पलीकडच्यानं मनात ५ धरला. २ चा पाचवा घात ३२. १३ ने भागून बाकी ६. तो ६ मोठ्यानं सांगतो. आता तुम्ही त्याच्या ६ चा चौथा घात काढता, १२९६, आणि १३ ने भागून बाकी उरते ९. तो तुमच्या ३ चा पाचवा घात काढतो, २४३, आणि त्याचीही बाकी ९. दोघांच्या हाती ९ आला, आणि तो कोणीच उच्चारला नाही. चोरून ऐकणाऱ्याकडे २, १३, ३ आणि ६ आहेत. एवढ्या लहान आकड्यांत तो चार-दोन प्रयत्नांत ९ काढेल. पण १३ च्या जागी शेकडो अंकी संख्या असेल, तर आजच्या संगणकांना ते आवाक्यातलं नाही. ब्राउझर आणि सर्व्हर याच कल्पनेवर उभ्या असलेल्या पद्धतींनी किल्ली ठरवतात आणि मग तिनं सगळं बोलणं गुप्त करतात. या गुप्त करण्याला एन्क्रिप्शन म्हणतात.

पलीकडे खरोखर विकिपीडियाच आहे, हे पटवायला सर्टिफिकेट असतं. ब्राउझर ज्यांच्यावर विश्वास ठेवतो अशा संस्था ते देतात, आणि त्याला मुदत असते. ‘हे कनेक्शन खासगी नाही’ अशी लाल सूचना आली, तर कधी साइटचं सर्टिफिकेट संपलेलं असतं, आणि कधी आपल्याच फोनची तारीख चुकलेली असते. आधी तारीख बघावी. तारीख बरोबर असूनही सूचना येत असेल, तर निदान पैशाचा व्यवहार तिथे करू नये.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. एचटीटीपीएस एवढंच सांगतं की पलीकडे पत्त्यात दिसणारं डोमेनच आहे आणि तुमचं बोलणं वाटेत कोणी ऐकत नाही. ज्याच्याशी बोलताय तो प्रामाणिक आहे का, याबद्दल ते काहीच सांगत नाही. भामट्यालाही सर्टिफिकेट मिळतं, आणि फुकट मिळतं. म्हणून डोमेन वाचणं सुटत नाही.

सर्व्हर, अखेर

इतकं सगळं झाल्यावर गाठ पडते ती सर्व्हरशी. सर्व्हर म्हणजे मागेल त्याला मागितलेलं देणारा प्रोग्राम, आणि तो जिथे चालतो तो संगणक. बर्नर्स-ली यांचा पहिला सर्व्हर साधा टेबलावरचा संगणक होता. हा सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी सूचना त्यावर लाल शाईनं लिहून चिकटवलेली होती. आता असे संगणक डेटा सेंटरांत हजारोंनी रचलेले असतात, आणि ते भाड्यानं घेता येतात. त्यालाच क्लाउड म्हणतात. ढगाशी त्याचा काही संबंध नाही. मुंबई आणि नवी मुंबई हा देशातला डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा पट्टा आहे.

सर्व्हर प्रत्येक उत्तराबरोबर तीन अंकी आकडा पाठवतो. २०० म्हणजे सगळं ठीक. तो आपल्याला दिसत नाही. ३ ने सुरू होणारा आकडा म्हणजे पान दुसरीकडे हलवलंय, तिकडे जा. ४ ने सुरू होणारा म्हणजे मागणीत काहीतरी चूक आहे: ४०४ म्हणजे या पत्त्यावर असं पान नाही, ४०३ म्हणजे पाहायची परवानगी नाही. ५ ने सुरू होणारा म्हणजे चूक सर्व्हरच्या बाजूची: ५०० म्हणजे आतला प्रोग्राम गडबडला, ५०३ म्हणजे आत्ता झेपत नाही, ५०४ म्हणजे मागच्या यंत्रणेकडून वेळेत उत्तर आलं नाही.

गंमत पाहा: ४०४ दिसला याचा अर्थ सर्व्हर चालू आहे. त्यानंच तर ‘नाही’ म्हणून कळवलं. खिडकीतल्या माणसानं ‘सर्व्हर डाऊन’ म्हणायचा हक्क खऱ्या अर्थानं कमावलेला असतो, तो पाचच्या घरातल्या आकड्यांनी.

तिथेही सर्व्हर पडलेलाच असतो असं नाही, पुष्कळदा तो दबलेला असतो. २८ एप्रिल २०२१ च्या दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविन या सरकारी पोर्टलवर कोविडच्या लसीची नोंदणी खुली झाली, आणि देशभरातले लोक एकाच मिनिटाला आत शिरायला गेले. पान अडकलं, ओटीपी येईना. नंतर यंत्रणा सावरली आणि नोंदणी सुरळीत झाली. निकालाच्या दिवशी होतं तेही हेच. रोजच्या गर्दीला पुरणारी यंत्रणा एका तासाच्या गर्दीला पुरत नाही, आणि त्या एका तासासाठी वर्षभर दसपट यंत्रं कोणी पोसत नाही.

पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, ही वेगळीच गोष्ट. तिथे बहुधा तुमची मागणी पोचलेली असते, परतीचं उत्तर वाटेत अडलेलं असतं. अशा वेळी पुन्हा ‘पे’ दाबलं की दुसरी मागणी जाण्याचा धोका. आधी खात्याचं स्टेटमेंट बघावं, मग बटणाला हात लावावा.

कोविननं आणखी एक शब्द समजावून दिला: एपीआय. सर्व्हरनं माणसासाठी सजवलेलं पान न देता, दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येईल अशी नुसती माहिती द्यायची ठरलेली सोय म्हणजे एपीआय. कोविननं ती खुली केली, आणि कितीतरी तरुणांनी आपापले प्रोग्राम लिहिले, जे दर थोड्या वेळानं ‘या पिन कोडला जागा आहे का’ असं विचारत आणि जागा दिसली की टेलिग्रामवर कळवत. फोनवरची बहुतेक अ‍ॅपं याच सोयीवर चालतात. हवामानाचं अ‍ॅप पाऊस मोजत नाही. ज्याच्याकडे अंदाज आहे त्याच्याकडून तो एपीआयनं मागून घेतं.

पान कशाचं बनतं

आलेलं पान म्हणजे मजकुराची फाइल. हे शीर्षक, हा परिच्छेद, इथे चित्र, अशा खुणा मजकुरात घालायची पद्धत म्हणजे एचटीएमएल. रंग, अक्षराचा आकार, रकाने ठरवते सीएसएस. बटण दाबल्यावर काही घडवून आणते जावास्क्रिप्ट, जी ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत बेतली. कॉम्प्युटरवर कोणत्याही पानावर कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबली, की या खुणांसकट मूळ मजकूर समोर येतो. विकिपीडियाचं पान असं उघडून बघावं; शीर्षकाभोवतीची ‘एच१’ ही खूण लगेच सापडते. फक्त अक्षरं आली पण सजावट गायब, सगळं डावीकडे ढीग घातल्यासारखं दिसतंय, तर समजावं की एचटीएमएल पोचलं आणि सीएसएस वाटेत राहिलं.

एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. दर मागणी त्याच्या लेखी नवीनच. मग दुकानाच्या साइटवर टोपलीत टाकलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेल्यावर टोपलीत राहायची कशी? १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मोंटुली यांनी तोडगा काढला: सर्व्हरनं ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यायची, आणि ब्राउझरनं पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ती परत दाखवायची. ती कुकी. तुम्ही एकदा लॉगिन केल्यावर दर पानाला पासवर्ड विचारला जात नाही, ते कुकीमुळे. तक्रार आहे ती दुसऱ्या प्रकाराबद्दल. पानावर जाहिरातदाराचा तुकडा बसवलेला असतो, आणि तोही आपली कुकी ठेवून जातो. तोच जाहिरातदार पुढच्या साइटवरही असतो. चप्पल एके ठिकाणी पाहिली आणि ती आठवडाभर सगळीकडे मागे लागली, त्याचं एक मोठं कारण हे.

कुकी आणि कॅशे यांची गल्लत होते. कॅशे म्हणजे एकदा आणलेली चित्रं आणि फाइली ब्राउझरनं आपल्याच फोनवर ठेवलेला साठा, पुन्हा आणायला लागू नयेत म्हणून. कधी साइट बदलते आणि साठ्यातली जुनी प्रतच दिसत राहते. तेव्हा कॅशे साफ करावं. कुकी साफ केली तर मात्र सगळीकडून लॉगआउट व्हाल.

शेवटचा तुकडा: महाराष्ट्र

लिंकचा शेवटचा भाग उरला. पत्त्याच्या पट्टीत तो ‘महाराष्ट्र’ असा छान दिसतो. तीच लिंक कॉपी करून कोणाला पाठवा, आणि पुष्कळदा तिथे टक्क्याची चिन्हं, ई, शून्य, ए, चार अशी लांबलचक माळ उमटते. लिंक बिघडली असं वाटून लोक ती पाठवतच नाहीत. ती बिघडलेली नसते.

संगणकाला अक्षर माहीत नाही. अक्षरामागचा आकडा माहीत आहे. १९६३ च्या आस्की या अमेरिकी पद्धतीत एकूण १२८ आकडे. त्यात इंग्रजी मावली, बाकी जग बाहेर राहिलं. त्यामुळे मराठी टायपिंग सुरू झालं ते एका युक्तीनं: आकडे इंग्रजी अक्षरांचेच ठेवायचे, फक्त फॉन्टमध्ये त्यांच्या जागी देवनागरी आकार काढायचे. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, म्हणून आकारांच्या जागाही वेगळ्या. वर्तमानपत्रांच्या साइट पाहायच्या तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे; तो नसला की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा.

युनिकोडनं जगातल्या जवळजवळ प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा आकडा दिला. पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यात देवनागरी होती. हे आकडे फाइलमध्ये कसे लिहायचे, याची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवता जेवता कागदी टेबलमॅटवर आखली. तीत इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरी तीन बाइटचं.

आता ‘महाराष्ट्र’ मोजू. डोळ्याला चार अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबात दहा: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. दहा त्रिक तीस बाइट. पत्त्यात इंग्रजी अक्षरंच चालतात, म्हणून प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. तीस त्रिक नव्वद. चार अक्षरांचं नाव नव्वद चिन्हांचं झालं, पण त्यात एकही चूक नाही. दाबलं की पान उघडतंच. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीत १६० अक्षरं मावतात आणि मराठीत ७० च, त्याचं मूळही अक्षराला लागणाऱ्या जागेतच आहे.

डोमेनच्या नावातही आता देवनागरी चालते. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हा शेवट सुरू झाला, आणि तो मराठीतल्या नावांनाही मिळतो. डीएनएसला मात्र आजही रोमन अक्षरंच पोचतात. त्याच्याकडे जाताना ‘.भारत’चं ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ होतं, आणि हे रूपांतर ब्राउझर आपल्या नकळत करतो.

यावरून आणखी एक तक्रार समजते: ‘नेटवर मराठीत काही सापडत नाही.’ सापडत नाही त्यातलं बरंच तिथे आहे. पण ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे, किंवा नुसत्या स्कॅनच्या चित्रांच्या पीडीएफमध्ये. जुन्या फॉन्टमधलं मराठी सर्च इंजिनाला इंग्रजी अक्षरांचा गोंधळ वाटतं, आणि चित्रातली अक्षरं ओळखून काढल्याशिवाय शोधता येत नाहीत. शासन निर्णय, संस्थांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांचे जुने खंड, शाळांचे अहवाल अशा फाइलींत पडून आहेत. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम फुकट मिळतात. ज्यांच्या कपाटात अशा फाइली आहेत, त्यांनी एका दुपारी बसून त्या बदलून ठेवल्या, तर पुढच्या शोधणाऱ्याला त्या सापडतील.